पुस्तकवाल्यांनो, पडद्यावरचा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पचला का? (अनुभव धागा)

रानजाई (धागाकर्ती)

पीटर जॅक्सनचा पहिला भाग २००१ मध्ये आला, तिसरा २००३ मध्ये. त्या तिसऱ्याने २००४ च्या ऑस्करला अकराच्या अकरा नामांकनं खिशात घातली. तरी मूळ पुस्तक लिहिणाऱ्या टोल्कीनची पारायणं केलेली चार डोकी जमली की अजून जुंपतेच. ते भांडण आज इथे करू. (नवख्यांसाठी: फ्रोडो हा हॉबिट, म्हणजे ठेंगण्या लोकांपैकी एक, मित्र सॅमला घेऊन भल्याभल्यांना भुलवणारी दुष्ट अंगठी मॉर्डोरच्या ज्वालामुखीत टाकायला निघतो, ही गोष्ट.) नुसतं 'आवडला', 'डोक्यात गेला' एवढ्यावर सुटका नाही. कुठला प्रसंग, कुठलं पात्र, बघताना काय झालं ते सविस्तर सांगा. आधी पुस्तक की आधी सिनेमा, तेही लिहा. गरुडावर बसून अंगठी थेट मॉर्डोरात का नाही टाकली, हा प्रश्न काढणाऱ्याला चहा मिळणार नाही.

मी पुस्तकवाली, आणि माझं दुखणं म्हणजे फॅरामिर. पुस्तकात बोरोमिरचा हा धाकटा भाऊ फ्रोडोला सांगतो, की ही वस्तू वाटेत पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. आणि खरंच नाही उचलत. थोरल्याचा त्याच मोहाने घात केलेला असतो. धाकटा त्याच्यासमोर शांत उभा राहतो आणि त्याची फुशारकीही मारत नाही. कॉलेजात असताना मला या माणसाशी लग्न करायचं होतं, यावरून काय ते ओळखा. दुसऱ्या भागात, 'द टू टॉवर्स'मध्ये, हा गृहस्थ फ्रोडो-सॅमला कैद करून ऑस्गिलिआथला नेतो, का तर अंगठी बापाला नजर करायला! मी शेजारी बसलेल्या मैत्रिणीचा हात इतका आवळला की ती 'अगं सोड' म्हणून ओरडली आणि पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं.

पटकथा लिहिणाऱ्यांचं म्हणणं मी नंतर डीव्हीडीवर ऐकलं. अंगठी भल्याभल्यांना भुलवते असं इतका वेळ सांगत आल्यावर एक जण सहज 'नको' म्हणाला, तर तिची भीती काय राहिली? शिवाय शेलॉब कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या भागात ढकलल्यामुळे दुसऱ्याच्या शेवटी फ्रोडोपुढे काहीतरी संकट हवं होतं. मुद्दा कळला, पटला नाही. प्रसंग गाळा, माझी हरकत नाही, तीन तासांत काय काय कोंबणार. स्वभावाला हात लावू नका.

तिरकस

आधी सिनेमा, मग पुस्तक. त्यामुळे मी पाखंडी.

तुमचा फॅरामिर देवमाणूस आहे हो, माझा मात्र बापाच्या एका शाबासकीसाठी तळमळणारा मुलगा. विस्तारित आवृत्तीत ऑस्गिलिआथचा एक जुना प्रसंग आहे. शहर परत जिंकल्याचा जल्लोष चाललाय, दोघे भाऊ खुशीत आहेत, एवढ्यात बाप डेनेथॉर येतो, थोरल्याला मिठी मारतो आणि धाकट्याला सगळ्यांसमोर पाणउताऱ्याचे चार शब्द ऐकवतो. तो बघितल्यावर अंगठी बापाकडे न्यावीशी का वाटली हे मला कोणी समजवावं लागलं नाही. आणि शेवटी सोडतोच ना? सोडलं तर जीव जाईल हे माहीत असून सोडतो. मोह झालाच नाही त्यापेक्षा मोह होऊन सोडला, हे मला मोठं वाटतं.

सॅमचं गाजलेलं बोलणंही तिथलंच. मोठमोठ्या गोष्टींमधल्या माणसांना परत फिरायची संधी होती, पण ती फिरली नाहीत, ते. पुस्तकात तो विषय मॉर्डोरच्या वाटेवरच्या किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर निघतो. इथे तो ऑस्गिलिआथच्या ढिगाऱ्यात आणलाय, आणि सुरुवातीलाच सॅम म्हणतो की खरं तर आपण इथे असायलाच नको होतं. लेखकांनी तुम्हा पुस्तकवाल्यांना चक्क डोळा मारलाय!

रानजाई

मारला ना. म्हणून तर जास्त राग आला.

बटाटेवडा

माझा अनुभव थिएटरचा. तिसरा भाग सव्वातीन तासांहून लांब. आपल्याकडे मध्यंतर पाहिजेच, आणि ते कुठे घ्यायचं हे मशीन चालवणाऱ्याच्या मर्जीवर. वाक्य अर्ध्यावर तोडून दिवे लागले. पण ते काहीच नाही. खरी गंमत शेवटाला. अंगठी ज्वालामुखीत पडली, पडदा काळा झाला, लोक उठले. परत चित्र आलं, लोक बसले. राज्याभिषेक झाला, सगळे हॉबिट्सपुढे झुकले, पडदा काळा, लोक पुन्हा उठले. पुन्हा चित्र. माझ्यापुढचे एक काका दर वेळी स्वेटर चढवायचे आणि 'अजून आहे का?' म्हणत उतरवायचे. जहाज निघालं तेव्हा निम्मं थिएटर दाराशी उभं होतं आणि मी त्यांच्या कोपरांमधून फ्रोडोचं शेवटचं हसू बघत होतो. पुस्तकवाल्याला मात्र हे शेवटही कमीच वाटतात, कारण शायर या हॉबिट्सच्या मुलखातली खरी लढाई यात नाहीच.

मुक्कामपोस्ट

प्रसंग गाळले तर चालतात, असं धागाकर्ती म्हणतात. नाही चालत. पुरावा देतो.

टॉम बॉम्बाडिल हा रानातला गाणारा अवलिया गाळला यावर सगळे गळा काढतात. मी नाही काढत. बीबीसीच्या १९८१ च्या रेडिओ नाट्यातही तो नव्हता. (त्यात फ्रोडोचा आवाज इयन होमचा होता, आणि वीस वर्षांनी पडद्यावर तोच फ्रोडोचा वडीलधारा नातलग बिल्बो झाला. हे कळल्यावर मला उगाच घरचं कार्य असल्यासारखं वाटलं.) पण बॉम्बाडिलला लागूनच बॅरो-डाउन्सची थडगी आहेत. चौघा हॉबिट्सना तिथे जुने खंजीर मिळतात. ज्यांनी ते घडवले, त्यांचं वैर अँग्मारच्या राजाशी, म्हणजे नाझ्गुलांच्या, अंगठ्यांपायी भुतं झालेल्या त्या स्वारांच्या, म्होरक्याशीच. पेलेनोरच्या रणात चौघांतला मेरी त्या म्होरक्यावर मागून वार करतो तो याच पात्याने, आणि म्हणूनच तो वार लागतो. दुसरं कुठलंही पातं असतं तर इतका जिव्हारी लागला नसता, असं टोल्कीन स्पष्ट लिहितो. ज्याने कोणी शेकडो वर्षांपूर्वी ते पातं घडवलं, त्याचं काम त्या दिवशी फत्ते झालं.

सिनेमात काय? वेदरटॉप टेकडीवर त्यांचा वाटाड्या अॅरागॉर्न गाठोडं सोडून 'घ्या, जवळ ठेवा' म्हणत चार तलवारी वाटतो. झालं. मग मेरीचा वार हा नुसता मोक्याला बसलेला वार उरतो. इओविन त्या म्होरक्याला मारते तो प्रसंग झकास जमलाय, माझ्याही अंगावर काटा आला, टाळ्याही वाजवल्या. पण त्या टाळ्यांत निम्मा वाटा मेरीचा होता. तो कोणी दिला नाही.

निळाई

+१. मी हे पात्याचं विसरले होते! आज रात्री पुस्तक काढणार.

खडीसाखर

'हॉबिट'वर बोललं तर चालेल का? थोडक्यात उरकते. १९३७ चं मुलांचं आटोपशीर पुस्तक, त्याचे २०१२, १३ आणि १४ असे तीन सिनेमे. पदरचं घातलं, घातलं आणि परत घातलं. टॉरिएल ही एल्फ बाई पुस्तकात नाही, लेगोलासही त्या पुस्तकात नाही, आणि बुटका-एल्फ प्रेमप्रकरण तर टोल्कीन आजोबांनी स्वप्नातसुद्धा पाहिलं नसतं. पहिला भाग सेकंदाला अठ्ठेचाळीस चौकटींवाला पाहिला. सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं की दाढ्या चिकटवलेल्या वाटायला लागल्या. फक्त अंधारातल्या कोड्यांचा प्रसंग, बिल्बो आणि अंगठीने पछाडलेला गॉलम, तेवढा कितीही वेळा लावा, मी बसते. तिथे कोणी लुडबुड केलेली नाही.

वाटसरू (ऑकलंड)

सिनेमे जिथे चित्रित झाले त्या न्यूझीलंडात राहतो, म्हणून लिहायलाच हवं. माटामाटाजवळ मेंढ्यांच्या कुरणात हॉबिटन, म्हणजे हॉबिट्सच्या गावाचा सेट, आहे. पहिल्या तीन सिनेमांनंतर फारसं उरलं नव्हतं, 'हॉबिट'च्या वेळी पक्कं बांधलं. भारतातून पाहुणे आले की मला ड्रायव्हर म्हणून जावंच लागतं. २०२३ पर्यंत गोल दारं उघडली की आत काही नव्हतं, दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा. बॅग एंडच्या, म्हणजे बिल्बो-फ्रोडोच्या घराच्या, आतलं चित्रण वेलिंग्टनला स्टुडिओत झालं. वरचं ओकचं झाड खोटं, पानं कृत्रिम. हे सगळं माहीत असूनही एका दाराबाहेर दोरीवर वाळत घातलेले हॉबिटी शर्ट आणि पायरीवर ठेवलेला भाजीचा हारा पाहिला आणि मी गप्प झालो. पुस्तकात शायर म्हणजे बाग, जेवण, चुलत-मावस भावंडांच्या उखाळ्यापाखाळ्या. ते कुणाला तरी इतकं नेमकं कळलं होतं. फॅरामिरचं मी त्यांना माफ करून टाकलं आहे.

हॉबिट्सचा गुत्ता, ग्रीन ड्रॅगन, मात्र खरा चालतो. बिअर मिळते.

निळाई

ग्रीन ड्रॅगनवरून आठवलं. वर बटाटेवडा म्हणाले ते शायरचं. पुस्तकात चौघे परत येतात तर शायरची वाट लागलेली असते, झाडं तोडलेली, गिरणीचा धूर, दुष्ट जादूगार सारुमानच्या गुंडांचं राज्य. लढून ते सोडवावं लागतं. मग सॅम एल्फांच्या गॅलाड्रिएल राणीने दिलेली माती चिमूट चिमूट करत गावभर टाकतो. सिनेमात शायर जसंच्या तसं. गॅलाड्रिएलच्या आरशात जळकं शायर ओझरतं दिसतं तेवढंच.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खूप चिडले. पुढे कधीतरी घरी बघताना ग्रीन ड्रॅगनमधला प्रसंग नीट पाहिला. चौघे बिअरचे मग घेऊन बसलेत. आजूबाजूला गाव आपल्याच नादात, कोणीतरी भला मोठा भोपळा घेऊन आलंय आणि त्याचंच कौतुक चाललंय. यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही. चौघे एकमेकांकडे बघतात, मग उचलतात, पितात. संवाद नाही. युद्धावरून परतलेल्याला गाव आपलं राहत नाही, हे टोल्कीनने पहिल्या महायुद्धात सॉमला भोगून लिहिलेलं. ते इथे एका भोपळ्यावर भागवलंय, आणि भागलंय.

सांजवात

माझा अनुभव आईचा आहे. तिने पुस्तक वाचलेलं नाही, इंग्रजी फारसं येत नाही. लॉकडाउनमध्ये तिन्ही भाग तिच्यासोबत पाहिले, थांबवत थांबवत, मराठीत सांगत. गॉलमचा तिला राग येईना. 'व्यसनी माणूस आहे तो, दिसतंय की' म्हणाली. सॅमवर जीव जडला.

तिसऱ्या भागात पायऱ्यांवरचा तो प्रसंग आला. गॉलम झोपलेल्या सॅमच्या अंगावर लेंबासचा, त्यांच्या शिदोरीतल्या एल्फी भाकरीचा, चुरा टाकतो, उरलेलं खाली फेकतो, आणि फ्रोडो त्याचं खरं मानून सॅमला घरी जा म्हणतो. आईने माझ्या हातातला रिमोट घेऊन सिनेमा थांबवला.

'हा असं नाही करणार.'

'अगं, अंगठीमुळे त्याचं डोकं...'

'डोकं फिरू दे. चिडेल, ओरडेल, वाट्टेल ते बोलेल. त्याला हाकलणार नाही.'

मी म्हटलं, पुस्तकात खरंच हाकलत नाही, हे सिनेमावाल्यांनी घातलंय. ती म्हणाली, 'मग मी काय वेगळं सांगतेय? लाव पुढे.'

रानजाई

काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांगा.

तिरकस

काकूंपुढे बोलायची आपली टाप नाही. फॅरामिरवर मात्र मी अजून ठाम. त्यांना विस्तारित आवृत्ती दाखवा आणि निकाल इथेच कळवा.