हाँगकाँगच्या एचएसबीसी बँकेच्या मुख्यालयात मजले टांगले का?

ओळंबा:
१९८५ मध्ये पूर्ण झालेली ही सुमारे १८० मीटर उंच इमारत. वास्तुरचना नॉर्मन फॉस्टर यांची, स्ट्रक्चर ओव्ह अरुप यांच्या फर्मचं. मजले वरच्या कैच्यांना (त्रिकोणी जोडणीच्या पोलादी सांगाड्यांना) लटकवले आहेत. म्हणजे भार आधी वर चढवायचा आणि मग खाली आणायचा. सरळ खांब का नाही दिले?

तुळई:
कारण जमिनीवरच्या जागेत आणि बांधणीच्या क्रमात आहे. १९७९ च्या आराखड्याच्या स्पर्धेत जुन्या इमारतीतलं कामकाज सुरू ठेवून टप्प्याटप्प्याने बांधायचा विचार होता. खालची जागा मोकळी राहावी, तर भार वरच पेलायला हवा. पुढे जुनी इमारत पूर्ण पाडली, पण रचना तीच राहिली, आणि त्यामुळेच आज बँकेखालून लोकांना आरपार चालत जाता येतं.

आठ मास्ट म्हणजे भार पेलणारे उंच मनोरे आहेत, प्रत्येकात चार पोलादी नळ्या. त्या दर मजल्याला आडव्या तुळयांनी जखडलेल्या असतात, त्यामुळे वादळी वाऱ्यातही मास्ट वाकायला कडक राहतो. दोन मास्टमध्ये ३३.६ मीटर अंतर, मास्टच्या बाहेर आधाराशिवाय पुढे आलेला भाग १०.८ मीटर. कैच्या पाच पातळ्यांवर, दोन मजले उंचीच्या.

'खांबविरहित' म्हणतात ते मात्र अर्धंच खरं: मधोमध हँगर, म्हणजे मजले टांगणारा पोलादी दांडा, येतोच. तो फक्त ताण घेतो, बकलिंगची (दाबाखाली बाजूला वाकण्याची) भीती नाही, म्हणून बारीक चालतो.

ओळंबा:
हँगर ताणला की मजला एका बाजूला कलणार नाही?

सळई:
कलणारच! ३० मीटरचा हँगर, सरासरी ताण १५० मेगापास्कल, पोलादाचा लवचीकता मापांक (ताणाला किती ताठ राहतो त्याचं माप) २,००,००० मेगापास्कल धरा: लांबी सुमारे २२.५ मिमीने वाढते. मास्टकडची कड जवळपास तिथेच राहते, त्यात भाराने कैची खाली झुकते ती लवण मिळवा. सर्वांत खालच्या मजल्याला सगळी बेरीज भोगावी लागते. अशा रचनेत हँगरकडची कड आधीच तेवढी वर बसवतात. बहुतेक वाढ इमारतीच्या स्वतःच्या वजनानेच होते, त्यामुळे नंतर माणसं-फर्निचर आलं की थोडीच उरते.

मला जास्त काळजी आगीची वाटते. एक हँगर तापून सैल पडला की त्याखालचे सगळे मजले त्याच्यासोबत खाली येतील. शिवाय हवा खारट, दमट. म्हणून इथे पोलादावर आधी सिमेंटयुक्त गंजरोधक थर, त्यावर अग्निरोधक आवरण आणि बाहेरून ॲल्युमिनियम. गंज आत धरला तर पत्रे काढल्याशिवाय दिसत नाही.