१५ वर्षांना थोडी सेवा कमी पडली. पेन्शन मिळेल का?

प्रश्न: काका मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. डिस्चार्ज बुकात सेवा १४ वर्षे ५ महिने २० दिवस, त्यात ३८ दिवस विनारजा गैरहजेरी. ग्रॅच्युइटी मिळाली, पेन्शन नाही. आता काही होईल का?

उत्तर १: जवान आणि जेसीओंना (सुभेदार वगैरे हुद्दे) सर्व्हिस पेन्शनसाठी १५ वर्षं क्वालिफाइंग, म्हणजे पेन्शनला मोजली जाणारी, सेवा लागते, अधिकाऱ्यांना २०. गैरहजेरीचे दिवस वजा होतात, म्हणजे उरले १४ वर्षे ४ महिने १२ दिवस. तीन महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा अर्धं वर्ष धरतात, म्हणून साडेचौदा. संरक्षण मंत्रालयाच्या १४ ऑगस्ट २००१ च्या पत्रानुसार १२ महिन्यांपर्यंतची तूट माफ करता येते. हिशेबात तरी काका बसतात.

उत्तर २: हिशेब बसला म्हणून काम झालं असं नाही. डिस्चार्जच्या कारणाचा रकाना बघा. आर्मी रूल १३(३), तीन(चार) लिहिलं असेल, म्हणजे स्वतःच्या विनंतीवरून, तर तूटमाफीच्या नियमातच ते वगळलंय. घरच्या अडचणीसाठी सुटलेल्यांचे अर्ज नेमके इथे अडकतात. तीन(पाच), म्हणजे इतर कारणं, असेल तर ही आडकाठी नाही. लाल शाईच्या नोंदींमुळे (सेवेतल्या शिक्षांच्या नोंदी) काढलेलेही त्यातच येतात. मेडिकलवर बाहेर पडले असतील तर तूटमाफी विसरा, इनव्हॅलिड किंवा डिसॅबिलिटी पेन्शन मागा. तिथे १५ वर्षांची अट नाही.

उत्तर ३: अर्ज बँकेत किंवा प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयाला पाठवू नका. पीपीओ (पेन्शनचा आदेश) प्रयागराजहून निघतो खरा, पण क्लेम पाठवतं रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे यांच्यासाठी बेळगाव. आर्मी नंबर, डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांच्या प्रती जोडा, अर्ज स्पीड पोस्टाने. नकार आला तर लेखीच घ्या, सशस्त्र दल न्यायाधिकरणात तोच कागद लागतो. निवृत्त माणूस राहत्या ठिकाणच्या खंडपीठाकडे जाऊ शकतो, महाराष्ट्रात मुंबई. थकबाकी मात्र साधारणपणे दाव्याआधीच्या तीन वर्षांचीच. सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून हेच चालत आलंय. मिळालेली सर्व्हिस ग्रॅच्युइटी त्यातून वळती होईल.

प्रश्नकर्ता: रकान्यात तीन(पाच) आहे. ३८ पैकी २१ दिवस नंतर रजेत धरल्याचा शेरा दिसतोय. आधी ते दुरुस्त करून घेऊ का?

उत्तर १: नको. २१ दिवस परत मिळाले तरी १४ वर्षे ५ महिने ३ दिवस, म्हणजे पुन्हा साडेचौदाच. थेट तूटमाफीचा अर्ज टाका, शेऱ्याची प्रत सोबत लावा.