मदत हवी आहे : ‘तुझ्याशिवाय लाइन चालत नाही’ म्हणून बढती अडलीय. हातातलं काम पोरांना कसं सोपवू?

सॉफ्टजॉ

मंडळी, भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत सीएनसी सेटर (संगणकावर चालणारं मशीन कामासाठी लावून देणारा) आहे. आयटीआय मशिनिस्ट, पुढे नोकरी करता करता डिप्लोमा केला. मध्यंतरी शिफ्ट इनचार्जची जागा रिकामी झाली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "तुला वर घेतला तर हाउसिंगची लाइन कोण बघणार? तुझ्याशिवाय ती चालत नाही रे." जागा बाहेरून आलेल्याला मिळाली. म्हणजे काम येतं हाच माझा दोष झाला.

हे हाउसिंग म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ भिंतीचा जॉब (मशीनवरचा पार्ट). बोअर (आतलं गोल भोक) ९० मिमी, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एकूण ३० मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग. सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) कसे बोअर करायचे, फिनिशला चकचं (जॉब पकडणाऱ्या पंजाचं) प्रेशर किती उतरवायचं, इन्सर्ट (कापणारी टीप) कुठल्या आवाजाला बदलायचा, हे सगळं माझ्या हातात आणि कानात बसलंय. एसओपी (कामाची लेखी पद्धत) आहे हो, ऑडिटच्या आधी नव्याने लॅमिनेटही होते. त्यात लिहिलंय ‘जॉब व्यवस्थित क्लॅम्प करावा’. व्यवस्थित म्हणजे किती ते कुठेच नाही.

मी शिकवत नाही असं नाही. पोराला शेजारी उभं करतो, सेटिंग करून दाखवतो, "कळलं का?" विचारतो, तो मान हलवतो. रात्री दोनला त्याचाच फोन येतो, "दादा, बोअर टेपर (निमुळता) येतोय." जो खरंच शिकतो तो चाकणला हजार-दोन हजार जास्त मिळाले की निघून जातो. आणि जुने सेटर मला वेड्यात काढतात. "सगळं देऊन टाकलंस तर तुझी किंमत काय उरली? उद्या तीच पोरं निम्म्या पगारात तुझ्या मशीनवर." हे अगदीच खोटं म्हणवत नाही, आमच्याच गल्लीत असं झालेलं पाहिलंय.

तर, शिकवायची नीट पद्धत कोणती? आणि शिकवलेलं वरच्यांना दिसेल असं काय करू? उपदेश नको, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

टूलरूमवाला

जुने सेटर बरोबर बोलतायत. ऐंशी टक्के शिकव, वीस टक्के खिशात ठेव. मी तेच करतो, नोकरी शाबूत आहे.

निगडीचे काका

टूलरूमवाले, नोकरी शाबूत आहे, पण पद कुठलं आहे? जे पूर्वी होतं तेच ना? हा माणूस नोकरी वाचवायची कशी ते विचारत नाहीये, वर जायचं कसं ते विचारतोय.

सॉफ्टजॉ, मी एका मोठ्या कारखान्याच्या अ‍ॅप्रेंटिस शाळेत शिकवून निवृत्त झालो. तुमचं ‘दाखवलं, कळलं का, मान हलवली’ हे जगभर सगळीकडे असंच चालतं आणि सगळीकडे असंच फसतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांतली जाणती माणसं सैन्यात गेली आणि कधी मशीन न पाहिलेल्या लोकांना झटपट तयार करायची वेळ आली. तेव्हा १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. त्यातला एक अभ्यासक्रम होता, सुपरवायझरनं शिकवायचं कसं यावरचा, दोन-दोन तासांचे पाच वर्ग. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला, टोयोटानं उचलला आणि आजही त्यांच्याकडे कामाचं शिक्षण त्याच पायावर चालतं. तुमच्या प्लांटमध्ये जपानी शब्दांचे जे बोर्ड लावलेत ना, त्यांच्याही आधीची ही गोष्ट आहे.

त्यात चार पायऱ्या आहेत, पण महत्त्वाची तिसरी. आधी पोराला सैल करायचं आणि त्याला काय येतं ते काढून घ्यायचं. मग आपण काम करून दाखवायचं, तेही एकदाच नाही. पहिल्यांदा नुसते मुख्य टप्पे, दुसऱ्यांदा प्रत्येक टप्प्यातली मेख, तिसऱ्यांदा ती मेख का पाळायची त्याचं कारण. त्यानंतर हात मागे बांधून उभं राहायचं आणि त्याला करायला लावायचं. आधी गुपचूप, मग टप्पे बोलत, मग मेखी बोलत, मग कारणं बोलत. ‘कळलं का’ हा प्रश्न तोंडातून काढायचाच नाही, त्याचं उत्तर नेहमी ‘हो’च असतं. कारण त्याच्या तोंडून आलं की समजायचं शिकला. चौथी पायरी म्हणजे त्याला एकटं सोडायचं, अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगायचं आणि फेऱ्या हळूहळू कमी करायच्या.

त्यांचं एक वाक्य वर्गाच्या भिंतीवर असायचं : कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही. मला पहिल्यांदा फार राग आला होता त्याचा.

आणि एका बैठकीत अख्खं सेटिंग शिकवू नका. आज फक्त जॉ बोअरिंग. बास.

क्वालिटीवाली

काकांना अनुमोदन. मी वरच्यांना ‘दिसण्या’बद्दल लिहिते, कारण ऑडिटच्या टेबलावर मीच बसते.

सॉफ्टजॉ, साहेबांकडे ‘मला पोरांना शिकवायचंय’ म्हणून गेलात तर ते ‘छान छान’ म्हणतील आणि डिस्पॅचचा फोन घेतील. त्यांच्या भाषेत जा. आयएसओ ९००१ या दर्जाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ हे कलम आहे, संस्थेकडचं ज्ञान जपण्याबद्दलचं. माणूस सोडून गेला की त्याच्यासोबत ज्ञान जाऊ नये हाच त्याचा मुद्दा. गाड्यांच्या उद्योगासाठीच्या आयएटीएफ १६९४९ मध्ये ७.२.२ हे कामावरच्या प्रशिक्षणाचं आहे. एक क्रिटिकल बोअर एकाच माणसाच्या हातावर अवलंबून आहे ही कंपनीसाठी जोखीम आहे, आणि कस्टमरच्या ऑडिटरला ते कळलं तर तो सोडणार नाही. तुम्ही उपकार मागत नाही आहात, जोखीम कमी करून देताय.

दुसरं, तुमच्या लाइनवर स्किल मॅट्रिक्स (कुणाला कुठलं काम किती येतं त्याचा तक्ता) लावलेलं असेल. चार भागांची वर्तुळं. बहुतेक ठिकाणी पाव म्हणजे शिकतोय, अर्धं म्हणजे देखरेखीखाली करतो, पाऊण म्हणजे स्वतंत्र करतो आणि पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ती वर्तुळं ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी काळ्या मार्करनं भरतात हे मलाही माहीत आहे 😄 पण कागद तर आहे. हाउसिंगच्या रकान्यात खरी वर्तुळं किती आहेत ते आजच्या तारखेसह लिहून ठेवा. सोबत महिन्याचं सेटिंग रिजेक्शन (सेटिंगमध्ये बाद झालेले जॉब) आणि तुम्हाला रात्री येणारे फोन. सुरुवातीचा आकडा नसेल तर नंतर कितीही फरक पडला तरी त्याचं श्रेय नव्या शिफ्ट इनचार्जच्या प्रेझेंटेशनमध्ये जाईल. हे अनुभवाचे बोल.

खराडी ते चाकण

मी प्लांट सांभाळतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून लिहितो.

तुमच्या साहेबांनी खोटं सांगितलं नाही. मीही असंच करतो. ज्याला हलवलं की लाइन पडते त्याला हलवायची हिंमत मला होत नाही, कारण त्या महिन्याचा डिस्पॅच माझ्या मानेवर असतो. जो रजेवर गेला आणि मला कळलंही नाही, त्याचं नाव वरच्या जागेसाठी आधी सुचतं. तर दोन पोरं तयार झाली की मुद्दाम आठवडाभर रजा टाका, आधी सांगून. फोन बंद ठेवू नका, पण तो वाजू नये अशी तयारी करा. त्या आठवड्याचं रिजेक्शन रोजच्यासारखंच राहिलं तर तुम्हाला फार बोलावं लागणार नाही.

मात्र सुरू करण्याआधी साहेबांना विचारा, "माझ्या जागी दोघं तयार करून दिले तर पुढच्या जागेसाठी माझा विचार होईल का?" तोंडी हो मिळालं की त्याच संध्याकाळी साधी मेल टाका, ‘आज बोलल्याप्रमाणे’ अशी. हमी नाही ती, पण अप्रेझलच्या वेळी कामाला येते. मेलला उत्तरच आलं नाही तर तेही एक उत्तर आहे, बायोडाटा बाहेर काढा.

निम्म्या पगाराच्या पोरांची भीती खरी आहे. असे मालक आहेत. पण खिशातलं वीस टक्केही त्या पार्टपुरतंच आहे हे विसरू नका. मॉडेल बदललं, हाउसिंग बंद झालं, की ते गुपित कुणाला विकणार? मुलाखतीत ‘मला हा बोअर येतो’ म्हणणारे खूप भेटतात. ‘नवा पोरगा मी अमुक दिवसांत सेटिंगवर उभा करतो, हे बघा माझे कागद’ म्हणणारा मला तरी क्वचित भेटलाय.

टूलरूमवाला

ते सगळं ठीक आहे साहेब, पण शिकलेला पोरगा चाकणला पळतो त्याचं काय? तिथे मेहनत फुकटच ना?

खराडी ते चाकण

पळणारच. पगार आपल्या सेटरच्या हातात नाही, तो माझ्यासारख्यांनी बघायचा. म्हणून दोनाऐवजी तीन धरायचे, आणि त्यातला एक तरी काँट्रॅक्टवरचा नसलेला, कायम ऑपरेटर. तो वयानं मोठा असेल, जरा कुरकुरेल, पण टिकेल.

सॉफ्टजॉ

सगळ्यांचे आभार. साहेबांशी बोललो, मेल टाकली. "बघू, कर सुरू" एवढंच उत्तर आलंय, पण लेखी आलंय.

कायम ऑपरेटरपैकी एक ताई आहेत, डीबरिंगवर (जॉबच्या कडांचे बारीक काटे काढायच्या कामावर), हात फार साफ आहे. त्या स्वतःहून तयार झाल्या, त्यांच्यापासून सुरुवात करतोय. काकांच्या टप्पा, मेख, कारण या पद्धतीनं पहिलं पान लिहिलंय. बघून सांगा.

टप्पा : फिनिश बोअरनंतरचं मोजमाप.
मेख १ : जॉब मशीनवरून काढल्या काढल्या मोजायचा नाही, ग्रॅनाइटवर मास्टर रिंगशेजारी (गेज जिच्यावर लावतात ती नेमक्या मापाची रिंग) ठेवायचा. कारण : गरम जॉब मोठा दिसतो.
मेख २ : बोअर गेज दोन दिशांना फिरवून बघायचा. कारण : चकच्या दाबानं जॉब अंडाकृती होतो.
मेख ३ : एप्रिल-मेमध्ये बोअर १० ते १५ मायक्रॉन वरच्या बाजूला ठेवायचा. कारण : (हे मलाच लिहिता येत नाही. ठेवला नाही तर स्टँडर्ड रूममध्ये (मोजमापाच्या एसी खोलीत) लहान निघतो, एवढं माहीत आहे.)

क्वालिटीवाली

पान मस्त. दोन दुरुस्त्या.

मेख २ चं कारण बदला. तुमचा चक तीन जबड्यांचा आहे. दाबलेल्या अवस्थेत बोअर गोल कापला जातो, आणि जबडे सुटले की भिंत परत उसळते. अशा वेळी येतो तो आकार अंड्यासारखा नसतो, तीन फुगवट्यांचा असतो. दोन टोकांवर मोजणारा गेज कितीही फिरवला तरी वाचन जवळपास तेच येतं, म्हणून ‘ओके’ वाटतं आणि असेंब्लीत बेअरिंग अडतं. सेटिंगच्या पहिल्या जॉबला तीन बिंदूंवर टेकणारा गेज लावा, किंवा माझ्याकडे राउंडनेस (गोलाई) तपासायला पाठवा. मेखेत हेच लिहा.

मेख ३ चं कारण तुमच्या हाताला माहीत आहे, फक्त आकडा हवा होता. अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, स्टील साधारण साडेअकरा. ड्रॉइंगवरचं माप २० अंशांचं असतं. उन्हाळ्यात शॉपमध्ये ३५ अंश असताना जॉब आणि स्टीलची मास्टर रिंग दोन्ही तापलेली असतात, पण जॉब दुप्पट वाढलेला असतो. ९० मिमीवर १५ अंशांचा हा फरक सुमारे १५ मायक्रॉन होतो, म्हणजे तुमचा निम्मा टॉलरन्स. एसी खोलीत आला की तेवढाच लहान निघतो. रिंग हाउसिंगच्याच अ‍ॅल्युमिनियमची करून घेतली तर ही मेख लागणारच नाही, फक्त ती झिजते, लवकर लवकर तपासावी लागेल.

सॉफ्टजॉ

हे इतकी वर्षं नुसतं अंदाजानं करत होतो! ताईंना उद्या फर्स्ट शिफ्टला कारणासकट सांगतो. रिंगचं कोटेशन टूलरूमकडून घ्यायचंय. टूलरूमवाले, करून द्याल का?

टूलरूमवाला

ड्रॉइंग पाठव. हार्ड अ‍ॅनोडाइझ (पृष्ठभागावर कडक थर) करून घे, झीज कमी होईल.