व्हिडिओ क्लास चालू, पण एकही वेबसाइट उघडत नाही

काकू, सी ६०२: कोणाचं नेट गेलंय का? माझ्या लॅपटॉपवर काहीच उघडत नाहीये. खाली कोपऱ्यात पृथ्वीगोल आणि 'इंटरनेट नाही'. पण त्याच लॅपटॉपवर लेकीचा व्हिडिओ क्लास तासभर नीट चाललाय, हे कसं? बारा वाजता तिचा फॉर्म भरायचा आहे, जीव टांगणीला लागलाय.

बी २०१: आमचं चालू आहे.

काका, ए १०१: आमचं सकाळपासून बंद. काकू, राउटरच्या मागे बारीक भोक असतं, त्यात पिन घालून दहा सेकंद दाबा. मीही आता तेच करतोय.

ए ४०४: काका, थांबा, पिन घालू नका! त्याने राउटर कोरा होतो. जोडणी देताना टाकलेलं युझरनेम-पासवर्ड पुसलं जातं आणि ते हाताशी नसेल तर दुरुस्त झालेली लाइनही चालत नाही. फार तर बटणाने बंद करा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा. काकू, तुम्ही तेवढंही करू नका. क्लासमधून बाहेरही पडू नका, परत आत जाता येईल याची खात्री नाही.

काकू, सी ६०२: बापरे. का रे?

ए ४०४: क्लास चालतोय म्हणजे लाइन ठणठणीत आहे. बिघाड नाव शोधण्यात दिसतोय. आपण वेबसाइटचं नाव टाकतो, पण संगणकाला लागतो आकड्यांचा पत्ता. तो विचारून आणायचं काम डीएनएसचं. क्लासने हा पत्ता सुरुवातीलाच विचारून घेतला, जोडणी झाली, आता त्याला परत विचारायची गरज नाही. नवीन साइटला विचारावं लागतं आणि उत्तर येत नाही. 'इंटरनेट नाही' या पाटीवरही जाऊ नका. विंडोज स्वतः मायक्रोसॉफ्टचं एक नाव शोधून बघतं, तेच सापडलं नाही की लाइन चालू असूनही ती पाटी लावतं.

फोन त्याच वायफायवर चालतोय का? मोबाइल डेटा बंद करून बघा.

काकू, सी ६०२: फोनवर सगळं उघडतंय.

ए ४०४: मग राउटरही सुटला. दोष लॅपटॉपमध्येच. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, काळी खिडकी उघडेल. इंग्रजी अक्षरांत पिंग लिहा, एक जागा सोडून ८.८.८.८ (आकडेही इंग्रजीच), एंटर. हा गुगलचा डीएनएस सर्व्हर आहे, आकड्यांनी हाक मारली की नाव शोधावं लागत नाही. मग एनएसलुकअप (नाव कोणाला विचारलं जातंय ते दाखवतं) लिहून, एक जागा सोडून कुठल्याही साइटचं नाव द्या. पहिल्या दोन ओळी मला सांगा.

काकू, सी ६०२: पिंगला चार रिप्लाय आले. दुसऱ्यात सर्व्हरपुढे अननोन, ॲड्रेसपुढे १२७.०.०.१.

ए ४०४: सापडलं! १२७.०.०.१ म्हणजे तो लॅपटॉप स्वतःच. पत्ता कोणाला विचारायचा, तर स्वतःलाच, असं कोणीतरी लिहून ठेवलंय. जाहिराती अडवणारा किंवा नेट वेगवान करणारा एखादा प्रोग्रॅम होता का?

काकू, सी ६०२: हो रे! मुदत संपली म्हणून सारखी खिडकी येत होती, मघाशी क्लास चालू असतानाच काढून टाकला.

ए ४०४: प्रोग्रॅम गेला, पण त्याने बदललेली सेटिंग तशीच राहिली. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज. तिथे डीएनएस सर्व्हर असाइनमेंटपुढे एडिट दाबा, मॅन्युअल असेल ते ऑटोमॅटिक करा, सेव्ह. मग काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, एक जागा, तिरपी रेघ आणि तिला चिकटून फ्लशडीएनएस. आधीची फसलेली उत्तरंही संगणक थोडा वेळ लक्षात ठेवतो, ती याने पुसली जातात.

बी २०१: सरळ ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून दिलं तर?

ए ४०४: चालेल, १.१.१.१ हाही तसाच खुला डीएनएस सर्व्हर आहे, दोन्ही चांगले आहेत. पण मी आधी ऑटोमॅटिकच करतो. फोन त्याच राउटरकडून पत्ते घेऊन चालतोय, म्हणजे तो भाग नीट आहे. नेट देणाऱ्या कंपनीचा डीएनएस वारंवार रुसत असेल तर मात्र बदलावा, आणि तो राउटरमध्ये बदलावा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना लागू होतो.

राउटरचा विषय निघालाच आहे तर त्याचा ॲडमिन पासवर्ड (वायफायचा नव्हे, राउटरची सेटिंग उघडणारा) सगळ्यांनी बदला, मनापासून सांगतोय. डीएनएसचेंजर नावाचा व्हायरस नेमकी ही डीएनएसची सेटिंग बदलायचा, संगणकातली आणि जमलं तर राउटरमधलीही. लोक योग्य नाव टाकायचे आणि भलत्याच पानावर पोचायचे. त्यामागची टोळी २०११ मध्ये पकडली, तिच्या सर्व्हरच्या जागी लावलेले तात्पुरते सर्व्हर ९ जुलै २०१२ ला बंद झाले. तोवर ज्यांनी संगणक साफ केले नव्हते त्यांचं नेट त्या दिवशी असंच अडलं.

डी ३०३: आमच्याकडे एकच साइट उघडत नाही, बाकी सगळं चालतं.

ए ४०४: ताई, मोबाइल डेटावर बघा. तिथेही नसेल तर बिघाड बहुतेक त्यांच्याकडे, तुम्ही काही बदलू नका. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचे डीएनएस सर्व्हरच जगाला दिसेनासे झाले होते, काही तास कोणाच्याच घरी उघडत नव्हतं. डेटावर उघडली तर लॅपटॉपमधली होस्ट्स फाइल बघू. १९८३ मध्ये डीएनएस आखलं गेलं, त्याआधी नेटवर्कवरच्या सगळ्या संगणकांची नावं अशाच एका फाइलमध्ये असायची. ती फाइल अजून प्रत्येक संगणकात आहे आणि तिच्यातली नोंद डीएनएसच्या आधी पाहिली जाते, म्हणून तिथे चुकीची नोंद असेल तर तेवढीच साइट अडते.

काकू, सी ६०२: उघडलं!! फॉर्मचं पानही आलं. देव तुझं भलं करो. क्लास शेवटपर्यंत झाला तिचा.

काका, ए १०१: मी पिन ठेवून दिली. बंद करून परत लावलं, तरी फोन, टीव्ही काहीच चालत नाही. ८.८.८.८ लाही उत्तर नाही.

ए ४०४: मग तुमचं डीएनएस नाही काका, लाइनच दिसतेय. फायबरची बारीक वायर जाते त्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा आहे का?

काका, ए १०१: आहे. लाल लुकलुकतोय.

ए ४०४: वायरमधून प्रकाशच पोचत नाहीये. वायर कुठे दुमडली किंवा कपाटाखाली चेपली आहे का बघा, पण उघडलेल्या टोकात डोकावू नका, डोळ्याला वाईट. नसेल तर कंपनीला फोन करून 'एलओएस लाल आहे' एवढंच सांगा, लाइनमन पाठवतील. संध्याकाळी मी येऊन बघतो.