वाढते वय, बदलती पेये आणि शेअरचा सल्ला: पारख कशी करावी?

फोंडेकर (प्रश्न)
नमस्कार. मी गेल्या वर्षी शिक्षकी पेशातून निवृत्त झालो. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आल्यावर परिचयातल्या एका सल्लागाराने मला बारा पानी टिपण पाठवले. त्यात म्हटले आहे की २०११ च्या जनगणनेनुसार साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण देशात ८.६ टक्के, तर आपल्या गोव्यात ११.२ टक्के होते. हा वर्ग वाढतच जाणार आणि वय वाढले की माणूस बिअर सोडून वाईनकडे वळतो, म्हणून वाईन कंपनीचे शेअर दहा वर्षांसाठी घेऊन ठेवावेत. जनगणनेचे आकडे मी पडताळले, ते खरे आहेत. मात्र त्यांवरून काढलेला निष्कर्ष कितपत ग्राह्य धरावा, याचा मला निवाडा करता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मडगावकर
सर, या युक्तिवादात वय आणि पिढी यांची गल्लत झालेली दिसते. आजचे साठीचे लोक वाईन पितात, याचा अर्थ आजचे तिशीचे लोक साठीला पोचल्यावर वाईनच पितील असा होत नाही, कारण बरीचशी माणसे तरुणपणी लागलेली चव आयुष्यभर सोबत नेतात. माझे वडील ऐंशी उलटल्यावरही एप्रिल महिन्यात लिंबू पिळून आणि हिरवी मिरची चिरून घातलेले हुर्राकच (काजूच्या बोंडांच्या रसाची हंगामी दारू) घेत. वाईनचा पेला त्यांनी शेजाऱ्यांकडच्या लग्नाखेरीज कधी हातात धरला नाही.

अमेरिकेतील गॅलप या जनमत पाहणी संस्थेच्या पाहण्या याबाबतीत पाहण्यासारख्या आहेत. २००१ ते २००३ या काळात पस्तिशीच्या आतले ७२ टक्के प्रौढ मद्य घेत असत, २०२१ ते २०२३ मध्ये ते प्रमाण ६२ टक्क्यांवर आले; त्याच काळात ५५ वर्षे व त्यापुढच्या वयोगटात मात्र ते ४९ वरून ५९ टक्क्यांवर गेले. वयाबरोबर सवय ठरावीक दिशेने बदलत असती, तर एकाच वयोगटाचे आकडे वीस वर्षांत इतके हलले नसते.

म्हापशेकर
माझे दारूचे दुकान आहे, म्हणून गल्ल्यावरून जे दिसते तेवढेच सांगतो. वय झालेले गिऱ्हाईक ब्रँड सहसा बदलत नाही, प्रमाण कमी करते: पूर्वी पूर्ण बाटली नेणारे काका डॉक्टरांनी ताकीद दिल्यापासून त्याच व्हिस्कीची क्वार्टर नेतात. माझ्याकडची वाईन जास्त करून बाहेरून आलेले तरुण पर्यटक घेतात.

शिवाय मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. एप्रिल २०१६ मध्ये बिहारने दारूबंदी केली तेव्हा तेथील सगळी बाजारपेठ कंपन्यांच्या हातून गेली, आणि २०१७ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतच्या दुकानांची शटरे ओढली गेलेली आपण गोव्यातच पाहिली. लोकसंख्येच्या तक्त्यात यातले काहीच दिसत नाही.

डिचोलीकर
लोकसंख्येचा आधार अगदीच कुचकामी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. डेलाविन्या आणि पोलेट या दोन अर्थतज्ज्ञांनी २००७ साली खेळणी, बिअर, आयुर्विमा अशा अनेक अमेरिकी उद्योगांचा अभ्यास करून दाखवले की वयोरचनेमुळे पाच ते दहा वर्षांनंतर मागणीत होणारा बदल बाजार आधीच पुरता लक्षात घेत नाही. पण तो अनेक उद्योगांचा एकत्रित हिशेब होता; एकाच कंपनीच्या शेअरला तो जसाच्या तसा लावता येणार नाही.

आणि खरा प्रश्न भावाचा आहे. समजा, प्रतिशेअर एक रुपया नफ्यासाठी आज आपण साठ रुपये मोजले. नफा दरवर्षी १२ टक्क्यांनी वाढला तर दहा वर्षांनी तो सुमारे ३ रुपये ११ पैसे होईल. परंतु तोवर बाजार नफ्याच्या साठपट देण्याऐवजी वीसपटच देऊ लागला, तर भाव ६२ रुपयांच्या आसपास राहील. मागणीचे भाकीत तंतोतंत खरे ठरूनही दहा वर्षांत पदरी दोन रुपये पडतील. आपल्या टिपणात भावाविषयी एखादे तरी वाक्य आहे का? तसेच सल्लागाराची सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर पाहावे आणि या शिफारशीबद्दल त्यांना कोणाकडून मोबदला मिळतो, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे.

फोंडेकर
सर्वांचा मनापासून आभारी आहे. टिपण पुन्हा काढून बसलो. भावाविषयी बारा पानांत एकही ओळ नाही. अकराव्या पानावर वयोगटांनुसार पेयांच्या आवडीचा तक्ता आहे, तो एकाच वर्षाचा आहे आणि खालच्या बारीक अक्षरांवरून तो भारतातला नसल्याचे आज प्रथमच लक्षात आले. नोंदणी क्रमांक आणि मोबदल्याचा तपशील मागणारे पत्र लिहिले आहे. उत्तर येईपर्यंत मुदत ठेव मोडत नाही.