मानवयुगाला खडकात जागा नाकारली, बरंच झालं!

कातळकडा (धागाकर्ता)
मार्च २०२४ मध्ये भूशास्त्रज्ञांच्या उपआयोगात मतदान झालं. प्रश्न एकच : 'अँथ्रोपोसीन', म्हणजे मानवयुग, अधिकृत भूशास्त्रीय युग मानायचं का? नको म्हणणारे १२, हवं म्हणणारे ४. त्याच महिन्यात भूशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं निकाल कायम केला. तेव्हापासून माझ्या ओळखीतले पर्यावरणवाले हळहळतायत. मला मात्र निकाल पटला.

शब्द मुळात भूशास्त्राचा नाहीच. २००० साली मेक्सिकोत एक बैठक होती. समुद्र, हवा, जंगलं, माती अशा सगळ्यांचे अभ्यासक एकत्र बसून पृथ्वीकडे एक यंत्रणा म्हणून बघत होते. 'होलोसीन, होलोसीन' (म्हणजे सध्याचं अधिकृत युग) ऐकून पॉल क्रुत्झेन वैतागले आणि मध्येच म्हणाले की आपण आता अँथ्रोपोसीनमध्ये आहोत. क्रुत्झेन रसायनशास्त्रज्ञ, ओझोनवरच्या कामासाठी १९९५ चं नोबेल. माणूस मोठाच. पण युगाची सुरुवात खडक-गाळाच्या थरातल्या खुणेवरून ठरते, आणि वैतागात सुचलेल्या शब्दाची खूण खडकात सापडेलच असं नाही ना! होलोसीन ११,७०० वर्षांचं, तेच भूशास्त्राच्या हिशेबात काल-परवाचं. आणि प्रस्तावातलं हे नवं युग १९५२ पासून. माझी आई त्याच साली जन्मली.

उल्का
आईंना नमस्कार :) पण खडकात सापडत नाही हे कोणी सांगितलं? कॅनडातल्या क्रॉफर्ड तलावाचं नाव ऐकलंय का? छोटा पण खोल तलाव, तळाचं पाणी वरच्या पाण्यात मिसळत नाही. त्यामुळे गाळ ढवळला न जाता दरवर्षी थरावर थर बसतो, उन्हाळ्यात पांढरा, मग काळसर. झाडाची वर्तुळं मोजावीत तशी वर्षं मोजा. त्यात अणुचाचण्यांचं प्लुटोनियम एकदम वाढलेलं दिसतं, तिथेच १९५२ ची रेघ सुचवली होती. अजून काय हवंय?

आणि 'रसायनशास्त्रज्ञाचं इथे काय काम' हा सूर तर अजिबात नको. डायनोसोर संपले ती सीमा आठवा, ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. तिथल्या मातीच्या पातळ थरात इरिडियम (जमिनीत दुर्मीळ, अशनींत भरपूर असलेला धातू) सापडलं आणि १९८० मध्ये अशनी आदळल्याची कल्पना मांडली गेली. मांडणारे कोण? लुईस अल्वारेझ भौतिकशास्त्रज्ञ, त्यांचा मुलगा वॉल्टर भूशास्त्रज्ञ, सोबत दोन अणुरसायनशास्त्रज्ञ. एकट्या हातोडीवाल्यानं ते काम झालं नसतं.

कातळकडा
मान्य, उदाहरण चांगलं आहे. पण क्रम बघा. तिथे थर आधी सापडला, कारण नंतर शोधलं. इथे नाव आधी ठरलं आणि मग वर्षानुवर्षं जगभर थर शोधत फिरले.

मिरगाचा_पाऊस
तुम्ही दोघं थरावर भांडताय, माझं भांडण 'मानव' या शब्दाशीच आहे. कोणता मानव? कोरडवाहू कापूस करणारा माझा मामा आणि शंभर वर्षं कोळसा जाळणारे देश एकाच नावात कोंबायचे? वर दोष सगळ्यांना सारखा वाटायचा! खडकाला हा फरक कळत नाही, म्हणून तर इतिहासवाले, अर्थशास्त्रवाले त्या समितीत हवेत.

उल्का
@मिरगाचा_पाऊस, मामांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण तो नावावरचा आक्षेप आहे, बदलावरचा नाही. कार्बन डायऑक्साइड २८० वरून ४२० च्या पुढे गेला, दशलक्ष भागांत. नाव काहीही ठेवा.

पाटीपेन्सिल
शाळेत भूगोल शिकवते, म्हणून मध्ये तोंड घालते. २०१८ मध्ये याच मंडळींनी होलोसीनच्या शेवटच्या ४,२०० वर्षांना 'मेघालयन' नाव दिलं, मेघालयातल्या मॉम्लू गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभावरून. त्यात दुष्काळाची खूण सापडली होती. तेव्हा एका गुहेवर काम भागलं, आता तलाव पुरत नाही?

आणि आपलं इनामगाव घ्या, पुणे जिल्ह्यातलं, घोड नदीकाठचं हजारो वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. डेक्कन कॉलेजनं तिथे वर्षानुवर्षं उत्खनन केलं. शेवटच्या काळात चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार वाढली. पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांनी त्याची सांगड कोरड्या हवामानाशी घातली. हाडं, धान्याचे दाणे, घरांचे पाये हे सगळं एकत्र वाचल्याशिवाय ते कळलं असतं का?

कातळकडा
मेघालयनवरही वाद आहेच, तो दुष्काळ जगभर एकाच वेळी पडला का यावर. आणि इनामगाव माझ्याच बाजूचं उदाहरण आहे ताई! माणूस आणि हवामान यांची गुंतागुंत हजारो वर्षांची. भातशेतीतला मिथेन, तोडलेली जंगलं. मग १९५२ च का? म्हणून काही जण म्हणतात, युग नको, 'घटना' म्हणा, जागोजागी वेगवेगळ्या वेळी सुरू झालेली.

मिरगाचा_पाऊस
'घटना' म्हटलं की मामा सुटतो का, ते सांगा आधी.

पाटीपेन्सिल
क्रॉफर्डच्या गाळात मक्याचे परागकणही सापडले होते, शेकडो वर्षांपूर्वी तिथे राहणाऱ्या मूलनिवासींच्या शेतातले. त्या परागांवरूनच शेजारचं गाव शोधलं गेलं. म्हणजे त्याच तलावात शेतकरीही आहे आणि बॉम्बही, फक्त थर वेगळे. मामांचं उत्तर तिथे मिळतं का बघा.

कातळकडा
हे माहीत नव्हतं. वाचून परत येतो. मत मात्र तूर्तास तेच.