नऊ मीटर लांबीची स्पीकर वायर आणि तीस हजारांत बसणारा स्टिरिओ संच

ओटीवरचा श्रोता, रत्नागिरी

सस्नेह नमस्कार.

आमच्या जुन्या घराच्या बाहेरच्या खोलीत नाट्यसंगीत आणि शास्त्रीय गायन नीट ऐकता येईल, असा दोन स्पीकरांचा साधा संच बसवण्याचा विचार आहे. खोली बारा बाय सोळा फुटांची असून भिंती चिऱ्याच्या आणि जमीन लादीची आहे. गाणी मुख्यतः फोनवरून वाजवली जातील. शिवाय संध्याकाळी टीव्हीचा आवाजही याच स्पीकरांतून यावा, अशी घरच्यांची अट आहे. सगळा खर्च तीस हजार रुपयांच्या आत बसवायचा आहे.

अडचण मांडणीची आहे. टीव्ही डाव्या कोपऱ्यात असल्यामुळे ॲम्प्लिफायरही तिथेच ठेवावा लागेल. तिथून डाव्या स्पीकरला चार मीटर वायर पुरते. पण उजव्या स्पीकरची वायर दाराच्या चौकटीवरून फिरवून न्यावी लागत असल्याने ती नऊ मीटर होते. दुकानदाराच्या सांगण्यानुसार दोन्ही वायरी समान लांबीच्याच हव्यात, नाहीतर एका बाजूचा आवाज मागे पडतो. आणि एवढ्या लांबीला ‘ऑक्सिजन-फ्री’ तांब्याची चारशे रुपये मीटरची वायरच वापरावी. म्हणजे अठरा मीटरचे सात हजार दोनशे रुपये नुसत्या वायरीवर जातात. त्याच्याकडेच तीस रुपये मीटरची पारदर्शक वायरही होती, पण ती ‘फक्त डॉल्बीवाल्यांसाठी’ असल्याचे त्याने सांगितले.

स्पीकर ६ ओहमचे आणि ८७ डेसिबल संवेदनशीलतेचे पाहून ठेवले आहेत. ॲम्प्लिफायर म्हणून ‘१०० + १०० वॅट’ असे छापलेला, १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालणारा छोटा क्लास-डी जातीचा (कमी वीज उष्णतेत वाया घालवणारा) संच सुचवला गेला आहे. या निवडीत काही खटकते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अडीचची वायर, पुणे

आधी वायरीचा हिशेब करू, कारण तो पाच मिनिटांत होतो आणि एकदा झाला की त्याबद्दल वाद घालण्यासारखे फारसे उरत नाही.

एवढ्या अंतरावर स्पीकरच्या वायरीत मुख्यतः पाहायचा असतो तो तिचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा. हा रोध तांब्याच्या जाडीवर आणि लांबीवर ठरतो, आणि प्रवाहाला जाऊन परत यायचे असल्यामुळे लांबी दुप्पट धरावी लागते. घरातल्या वायरिंगसाठी मिळणाऱ्या लवचीक तांब्याच्या वायरीचा रोध मानकांनुसार १.५ चौरस मिलिमीटर जाडीला किलोमीटरमागे जास्तीत जास्त १३.३ ओहम आणि २.५ चौरस मिलिमीटरला ७.९८ ओहम असतो. तुमच्या नऊ मीटरसाठी अठरा मीटर तार धरली, तर दीडच्या वायरीत सुमारे ०.२४ ओहम आणि अडीचच्या वायरीत सुमारे ०.१४ ओहम येतो. वायरीचा रोध स्पीकरच्या ओहमांच्या पाच टक्क्यांच्या आत असावा, हा जुना आणि पुरेसा सावध ठोकताळा आहे. ६ ओहमला तो ०.३ ओहम होतो. म्हणजे दीडची वायरही चालते आणि अडीचची निर्धास्त चालते. याउलट पाऊण चौरस मिलिमीटरची बारीक वायर घेतली, तर हाच आकडा ०.४७ ओहमपर्यंत जातो. ती मात्र घेऊ नये.

आता समान लांबीचा मुद्दा. विजेचा संकेत तारेतून सेकंदाला ढोबळमानाने दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. तुमच्या दोन वायरींत पाच मीटरचा फरक आहे, त्यामुळे उजवा स्पीकर सुमारे २५ नॅनोसेकंद उशिरा वाजेल. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून ०.००९ मिलिमीटर पुढे सरकतो. बसल्या जागी मान किंचित कलली तरी याच्या हजारोपट फरक पडतो, तेव्हा आवाज मागे पडण्याची भीती मनातून काढून टाकावी. पातळीतला फरक म्हणाल, तर अडीचच्या वायरीत तो साधारण ०.१ डेसिबल येतो आणि तोही कानाला कळत नाही. डाव्या बाजूला पाच मीटर जास्तीची वायर गुंडाळून टीव्हीच्या मागे कोंबण्यापेक्षा ती विकत न घेणे बरे.

ऑक्सिजन-फ्री तांबे ही खोटी गोष्ट नाही, पण विजेच्या वायरीसाठी वापरले जाणारे तांबे आधीच इतके शुद्ध असते की दोघांच्या वाहकतेत एखाद्या टक्क्याचाच फरक राहतो. तेवढा फरक वायर किंचित जाड घेऊन भरून निघतो. माझा सल्ला असा की कोणत्याही नामांकित कंपनीची, आयएस ६९४ छापलेली अडीचची लवचीक वायर घ्यावी. दोन तारांची चपटी मिळाली तर उत्तम, नाहीतर लाल आणि काळी अशा दोन सुट्या वायरी एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात. दोन्ही तारा जवळजवळ राहणे महत्त्वाचे आहे, कारण त्या दूर गेल्या की वायरीचे प्रेरकत्व (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) वाढते. तसेच ही वायर २३० व्होल्टच्या वायरींच्या पाइपातून नेऊ नये. तिच्यासाठी वेगळी केसिंग पट्टी मारावी.

खारा वारा, मालवण

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टींची भर घालतो.

तीस रुपये मीटरच्या पारदर्शक वायरी बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. ओळखायचे कसे, तर वायरीतला एक तंतू ब्लेडने खरवडून पाहावा: वर तांबूस आणि आत पांढरा निघाला तर ॲल्युमिनियम, वर पांढरा आणि आत तांबूस निघाला तर कथिलाचा मुलामा दिलेले तांबे, आणि हे दुसरे वाईट तर नाहीच, आपल्या हवेत उलट चांगले. बंडल हातात घेतले तरी फरक कळतो, कारण ॲल्युमिनियमचे बंडल संशय यावा इतके हलके लागते. न्यायाने बोलायचे तर अशी वायर जाड घेतली, तर कोरड्या हवेच्या गावात ती कामचलाऊ ठरू शकते. परंतु तिचे तंतू दोन-चार वेळा वाकवले की तुटतात आणि खाऱ्या दमट हवेत, मुलामा निघालेल्या टोकाशी, तांबे आणि ॲल्युमिनियमच्या सांध्यावर गंज लवकर धरतो. शिवाय पारदर्शक आवरणाखाली तांबे हिरवे पडलेले दिसते, ते वेगळेच.

टोकांची काळजी वायरीच्या किमतीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे. सोललेले तंतू तसेच स्क्रूखाली दाबले, तर एखादा तंतू बाहेर राहून शेजारच्या टोकाला टेकतो आणि ॲम्प्लिफायर जळण्याची वेळ येते. टोकांवर फेरूल (तंतू एकत्र धरणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्या) दाबून घ्यावेत किंवा स्क्रूने आवळायचे बनाना प्लग लावावेत, आणि पावसाळा संपला की एकदा सैल करून, पुसून पुन्हा आवळावेत. स्पीकरच्या वायरीला भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसणारा दोन पिनांचा प्लग कधीही लावू नये. आमच्याकडे मंडपवाल्यांत ही सवय सर्रास दिसते, आणि तो प्लग एखादे दिवशी कोणीतरी थेट विजेत घुसवतो.

पैसे वाचवण्यासाठी जुने स्पीकर घेण्याचा मोह झाला, तर शंकूच्या कडेची पट्टी बोटाने हलकेच दाबून पाहावी. ती फोमची असेल तर कोकणातल्या दमटपणात काही वर्षांत तिचा भुगा होतो, रबराची टिकते.

ओटीवरचा श्रोता, रत्नागिरी

दोघांचेही मनापासून आभार. बंडलाचा तंतू खरवडून पाहिला, तो आतून पांढरा निघाला. त्यामुळे ती वायर बाद. अडीचची चपटी वायर इथल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. आता प्रश्न ॲम्प्लिफायरचा राहिला.

वॅटचा हिशेबनीस, डोंबिवली

१२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर ‘१०० + १०० वॅट’ हे शक्यच नाही, आणि त्यासाठी ॲम्प्लिफायर उघडून पाहण्याची गरज नाही. या जातीच्या ॲम्प्लिफायरला स्पीकरवर जास्तीत जास्त पुरवठ्याएवढे व्होल्ट देता येतात. व्होल्टचा वर्ग करून त्याला स्पीकरच्या ओहमांच्या दुपटीने भागले की आवाज फाटण्याआधी मिळणारी कमाल शक्ती कळते. १२ चा वर्ग १४४ आणि ६ ओहमची दुप्पट १२. म्हणजे प्रत्येक बाजूला १२ वॅट, तेही कागदावर. पूर्वी टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’ (क्षणभराची कमाल शक्ती) म्हणून हजारो वॅटचे आकडे छापलेले असत. हा त्याच घराण्यातला प्रकार आहे.

तरीही १२ वॅट म्हणजे अगदीच टाकाऊ नव्हेत. ८७ डेसिबलचा स्पीकर १ वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देतो आणि शक्ती दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात. या हिशेबाने १२ वॅटला तो ९८ च्या जवळ पोहोचतो. तीन मीटरवर बसलेल्या माणसाला गायन ऐकायला एवढे बहुतेक वेळा पुरते. अडचण येते ती तबल्याच्या थापेला आणि तिहाईच्या शेवटच्या समेला. संगीताची सरासरी पातळी आणि क्षणिक शिखर यांत सहज दहा डेसिबलचे, म्हणजे शक्तीत दहापट, अंतर असते. ती शिखरे कापली गेली की बायाँचा (डग्ग्याचा) घुमारा जाऊन नुसता ठोका उरतो.

त्यामुळे टीपीए३११६ या चिपवरचा एखादा साधा ॲम्प्लिफायर घेऊन त्याला २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा चांगला ॲडॉप्टर जोडावा. या चिपला २६ व्होल्टपर्यंत पुरवठा चालतो. मात्र पूर्ण संचावर किती व्होल्टची मर्यादा छापली आहे ते आधी वाचून घ्यावे. वरच्याच सूत्राने ६ ओहमला ४८ वॅटची कमाल निघते. प्रत्यक्षात उष्णता आणि ॲडॉप्टर यांमुळे थोडे कमी धरा. तरी तुमच्या खोलीला ते भरपूर आहे. पुढेमागे आतल्या खोलीसाठी स्पीकरांची दुसरी जोडी याच टोकांना समांतर जोडण्याचा विचार मात्र करू नये. ६ आणि ६ मिळून ३ ओहम होतात आणि असे छोटे ॲम्प्लिफायर सहसा ४ च्या खाली चालवायचे नसतात.

टीव्हीचा आवाज ब्लूटूथने आणू नका. ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असेल आणि ॲम्प्लिफायरला तसे इनपुट मिळत असेल, तर तोच मार्ग धरावा. त्यात वीज नव्हे तर प्रकाश जात असल्यामुळे सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून येणारी ‘हूं’ अशी अर्थिंगची गुणगुणही तिथेच तुटते.

पैशांची वाटणी मी अशी करीन: अठरा-एकोणीस हजार स्पीकरांवर, सहा-सात हजार ॲम्प्लिफायर आणि ॲडॉप्टरवर, हजार-दीड हजार वायर आणि प्लगांवर, आणि उरलेल्यात स्पीकर कानाच्या उंचीवर येतील असे लाकडी स्टँड आणि लादीवर टाकायला जाड सतरंजी. या शेवटच्या दोन वस्तू लोक टाळतात. चिऱ्याच्या भिंती आणि लादी असलेल्या खोलीत त्यांच्यामुळे पडणारा फरक चारशे रुपये मीटरच्या वायरीला कधीच जमणार नाही.

श्रवणभक्त, ठाणे

सर्व हिशेब मान्य करूनही नोंदवावेसे वाटते की माझ्या संचात महागडी वायर लावल्यावर गायिकेचा तारसप्तक अधिक मोकळा ऐकू आला. कान हे मल्टिमीटरपेक्षा सूक्ष्म साधन आहे. सगळेच आकड्यांत बसवण्याचा अट्टहास नसावा.

अडीचची वायर, पुणे

तुम्हाला तसे ऐकू आले यावर माझा अविश्वास नाही. ते वायरीमुळे झाले का, एवढीच शंका आहे. जुनी वायर फारच बारीक असेल किंवा टोके गंजलेली असतील, तर नव्या वायरीने फरक पडणारच, आणि तो तितक्याच जाडीच्या साध्या वायरीनेही पडेल. खात्री करायची असल्यास घरातल्या कोणाला तरी पडद्याआड वायरी बदलायला सांगावे, आवाजाची पातळी तीच ठेवावी, आणि कोणती वायर लागली आहे हे न सांगता तुम्ही ओळखावे. दहापैकी नऊ वेळा अचूक आले, तर मी ती वायर विकत घेईन.

मूळ प्रश्नकर्त्यासाठी जोडणीची एक गोष्ट राहिली. चपट्या वायरीत एका तारेच्या आवरणावर रेघ किंवा कंगोरा असतो. तीच तार दोन्ही स्पीकरांना लाल टोकावर लावायची. एका बाजूला उलटी लागली, तर काही बिघडत नाही, पण दोन शंकू विरुद्ध दिशांनी हलू लागतात, खर्ज नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज मध्यातून येण्याऐवजी खोलीभर पसरतो. भिंतीवरून गेलेल्या वायरीत गोंधळ झालाच, तर ती ॲम्प्लिफायरपासून सोडवून तिच्या टोकांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवावा आणि कोणाला तरी स्पीकरची जाळी काढून शंकूकडे पाहायला सांगावे. रेघेची तार सेलच्या धन टोकाला असताना दोन्ही मोठे शंकू बाहेरच्या दिशेने हलले, तर जोडणी बरोबर आहे.